कूटचलनाच्या खाणींतील विजेचा हिशेब

खेळांतील चित्रें पडद्यावर झरझर उमटावींत म्हणून जें उपकरण निर्माण झालें, त्याच उपकरणानें कांहीं वर्षें घरोघर टांकसाळ उघडली, ही अलीकडच्या यंत्रयुगांतील एक विलक्षण घटना होय. ग्राफिक्स कार्ड हें तें उपकरण. २०२१ सालीं जगांतील अनेक मोठ्या शहरांच्या दुकानांतून हीं कार्डें नाहींशीं झालीं होतीं. ज्याची जाहीर किंमत ६९९ डॉलर, तें कार्ड दुप्पट पैसे मोजूनहि मिळण्याची मारामार पडे. घेणारांपैकीं पुष्कळांना खेळाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्यांना कूटचलन मिळवावयाचें होतें, आणि त्यांचा प्रश्न एकच असे: थोडक्यांत थोडकी वीज घेऊन जास्तींत जास्त काम करणारें कार्ड कोणतें?

प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचीं उत्तरें दोन आहेत. एक उत्तर कार्डापुरतें आहे, दुसरें त्या सबंध व्यवहाराचें आहे. पहिलें ऐकून उमेद वाढते, दुसरें ऐकून विचार पडतो. दोन्ही क्रमानें पाहिल्याखेरीज ह्या विषयाचा उलगडा होत नाहीं.

ज्याला मायनिंग किंवा खाणकाम म्हणतात, त्यांत खणण्यासारखें कांहीं नसतें. कूटचलनाच्या सर्व देवघेवींची एक वही असते, व तिच्या प्रती जगभरच्या हजारों संगणकांवर ठेवलेल्या असतात. ह्या वहीला नवें पान कोणी जोडावयाचें, हें ठरविण्यासाठीं शर्यत लावलेली असते. पानावरील मजकूर व त्याच्या जोडीस स्वतः निवडलेला एक आंकडा, हीं दोन्ही एका ठराविक गणिती सूत्रांतून गाळलीं म्हणजे एक लांबलचक संख्या बाहेर पडते. तिला हॅश म्हणतात. ती संख्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या खालीं आली, तर पान मान्य होतें आणि जोडणाराच्या पदरांत नवीं नाणीं पडतात. न आली, तर आंकडा बदलून पुन्हां गाळावयाचें. कोणता आंकडा लागू पडेल, ह्याचा तर्क करण्याची कोणतीहि युक्ति नाहीं. कुलुपाची किल्ली ओळखूं येत नसली म्हणजे जुडग्यांतील एकेक किल्ली लावून पाहावी, तसा हा प्रकार आहे. मात्र ह्या जुडग्याला अंत नाहीं. सेकंदाला जो अधिक किल्ल्या लावून पाहील, त्याला कुलूप उघडण्याचा संभव अधिक. दहा लाख हॅशांना एक मेगाहॅश म्हणतात, आणि कार्डांची शक्ति सेकंदाला किती मेगाहॅश, ह्या मापानें सांगण्याचा प्रघात आहे.

ह्या कामीं ग्राफिक्स कार्डच कां उपयोगीं पडावें? संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एकाद्या जाणत्या कारभाऱ्यासारखा असतो. नाना प्रकारचीं कामें तो हुशारीनें उरकतो, परंतु त्याचे हात मोजके. ग्राफिक्स कार्डावर मात्र हजारों साधे कारकून रांगेनें बसलेले असतात. त्यांना फारशी अक्कल नको असते. एकच हिशेब सर्वांनीं एकदम करावयाचा, एवढेंच त्यांना ठाऊक. पडद्यावरील लक्षावधि ठिपक्यांचे रंग ठरवितांना हीच रीत लागते, आणि हॅश काढतांनाहि हीच.

बिटकॉइन हें कूटचलन जानेवारी २००९ मध्यें सुरू झालें. आरंभीं लोक साध्या प्रोसेसरवर त्याचें खाणकाम करीत. २०१० पासून ग्राफिक्स कार्डें पुढें आलीं. त्या वेळचें ए.एम.डी.चें रेडिऑन एच.डी. ५८७० हें कार्ड फार तर १८८ वॅट वीज घेई आणि सेकंदाला सुमारे ४०० मेगाहॅश काढी. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाचें जीटीएक्स ४८० हें कार्ड २५० वॅटचें. खेळांत तें कोठेंहि उणें नव्हतें, परंतु बिटकॉइनच्या कामांत तें पहिल्याच्या निम्म्यालाहि पोंचत नसे. कारण असें कीं, बिटकॉइनच्या सूत्रांत संख्येचे अंक गोल फिरविण्याची क्रिया पुनःपुन्हां येते. रेडिऑनमध्यें ती एका पायरींत होई. शिवाय त्यावर हिशेबी घटकांची संख्याहि १,६०० म्हणजे पुष्कळच मोठी होती. कार्ड चांगलें कीं वाईट, हें कार्डाकडे पाहून ठरत नाहीं. कोणत्या सूत्रासाठीं तें लावावयाचें आहे त्यावरून ठरतें, हा ह्या विषयांतील पहिला धडा होय.

बिटकॉइनमधील कार्डांचें राज्य अल्पायुषी ठरलें. २०१३ सालीं केवळ तेवढेंच एक सूत्र सोडविणारीं खास यंत्रें बाजारांत आलीं. दहा वर्षांनंतर त्यांपैकीं अँटमायनर एस २१ ह्या यंत्राला एक लक्ष कोटि हॅशांसाठीं सुमारे साडेसतरा ज्यूल ऊर्जा पुरूं लागली. तेवढ्याच कामाला वर सांगितलेलें रेडिऑन कार्ड पावणेपांच लाख ज्यूलच्या आसपास घेई. पंचवीस हजारपटींहून अधिक अंतर पडल्यावर तुलनाच संपली. आज ग्राफिक्स कार्डानें बिटकॉइन मिळवूं पाहणें म्हणजे रहाटानें धरण उपसण्यासारखें आहे.

कार्डांना खरा बहर आला तो इथेरियम ह्या दुसऱ्या कूटचलनामुळें. हें ३० जुलै २०१५ रोजीं सुरू झालें. खास यंत्रांची मक्तेदारी होऊं नये, सामान्य मनुष्याचें कार्डहि शर्यतींत टिकावें, असा त्याच्या सूत्राचा रोख होता. म्हणून त्यांत निव्वळ हिशेबाऐवजीं मेमरीवर भार टाकण्यांत आला. प्रत्येक हॅशसाठीं कार्डानें आपल्या मेमरींतील एका विशाल कोष्टकांतून ६४ वेळां माहिती उचलावयाची, व दर वेळीं १२८ बाइट. म्हणजे एका हॅशमागें ८,१९२ बाइट वाचावे लागत. येथें कारकुनांच्या हुशारीला किंमत नाहीं. दप्तरखान्यांतून कागद किती लवकर येतात, ह्यावर सारा वेग अवलंबून राहतो.

एवढें समजलें कीं कार्डांची तुलना कागदावरच करतां येते. कार्डाची मेमरी सेकंदाला जितके बाइट पुरविते, त्या संख्येला ८,१९२ नें भागावें. येणारा आंकडा ही त्या कार्डाची कमाल मर्यादा. ए.एम.डी.चें आर.एक्स. ५८० घ्या. त्याची मेमरी सेकंदाला २५६ गिगाबाइट पुरविते. भागाकार येतो ३१ मेगाहॅश. प्रत्यक्ष कामांत तें कार्ड ३० च्या आसपास देई. पुढें २०२० च्या अखेरीस त्याच कंपनीनें तीन नवीं कार्डें काढलीं: आर.एक्स. ६८००, ६८०० एक्स.टी. आणि ६९०० एक्स.टी. त्यांच्या जाहीर किंमती अनुक्रमें ५७९, ६४९ व ९९९ डॉलर होत्या. परंतु तिन्हींच्या मेमरीचा वेग एकच, ५१२ गिगाबाइट. म्हणून इथेरियमच्या कामांत तिन्ही कार्डें साठ-बासष्ट मेगाहॅशांच्या आसपासच घोटाळत. चारशेंहून अधिक डॉलर जास्त मोजणाराच्या हातीं खाणकामापुरतें कांहींच पडत नसे. एनव्हिडियाच्या आर.टी.एक्स. ३०६० टीआय व ३०७० ह्या जोडीचीहि तीच कथा. एकाची किंमत ३९९ डॉलर, दुसऱ्याची ४९९. मेमरी दोहोंची सारखीच, ४४८ गिगाबाइटची. आणि मेमरीचे ठोके थोडे वाढविले असतां दोन्ही सुमारे ६० मेगाहॅश देत. जाणते लोक स्वस्त तेंच घेत.

आतां विजेकडे वळूं जातां एक मोठी सोय दिसून येते. काम मेमरीवर अडलेलें असतां हिशेब करणारा भाग पूर्ण वेगानें पळविण्यांत अर्थ नसतो. कागद येईपर्यंत कारकुनांना वाट पाहावीच लागते, आणि वाट पाहतांनाहि ते वीज खातात. म्हणून त्या भागाचे ठोके कमी करावयाचे. ठोके कमी झाले कीं त्याला लागणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेजहि कमी करतां येतें. येथेंच खरी बचत होते. कारण चिपला लागणारी शक्ति ठोक्यांच्या प्रमाणांत वाढते, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब दहा टक्के उतरविला, तर तेवढ्यानेंच शंभरांतील एकोणीस भाग वांचतात. त्याच्या जोडीस ठोके वीस टक्के कमी केले, तर एकंदर खर्च शंभरावरून पासष्टावर येतो. ३०६० टीआय हें कार्ड जसें पेटींतून निघतें तसेंच चालविलें तर २०० वॅटपर्यंत वीज घेई. असें जुळवून घेतल्यावर तें १२० ते १३० वॅटांत भागवी, आणि हॅश कमी न होतां मेमरीच्या जुळवणीमुळें उलट वाढत.

ह्या जुळवणीनंतर कार्डांची प्रतवारी लावावयाची ती एका मेगाहॅशला किती ज्यूल लागले ह्या मापानें. ३०६० टीआय ह्याला सुमारे दोन ज्यूल लागत. ३०८० हें थोरलें कार्ड सेकंदाला शंभराच्या आसपास मेगाहॅश देई. परंतु वीज सव्वादोनशें वॅटांच्या घरांत घेई, म्हणजे त्याचा हिशेब सव्वादोन ज्यूलच्या वर जाई. शिवाय त्याची मेमरी इतकी तापे कीं, ती ११० अंशांपर्यंत जाऊन कार्ड आपोआप मंद पडत असे. जुनें आर.एक्स. ५८० चार ज्यूलच्या आसपास घेई. थोरल्या कार्डाचा आंकडा मोठा म्हणून तें काटकसरीचें ठरत नाहीं, आणि जुनें कार्ड स्वस्तांत मिळालें म्हणून तें परवडतेंच असेंहि नाहीं. त्यांतून इथेरियमचें तें कोष्टक सुमारे एक गिगाबाइटपासून सुरू होऊन दर ३०,००० पानांमागें ८ मेगाबाइटांनीं वाढत असे. २०२० सालच्या डिसेंबरच्या अखेरीस त्यानें चार गिगाबाइटांची मर्यादा ओलांडली, आणि चार गिगाबाइट मेमरीचीं असंख्य धडधाकट कार्डें ह्या कामास निरुपयोगी झालीं.

घरीं वीजमापक असलेल्या मनुष्यास मात्र कार्डाच्या पडद्यावरील आंकडा पुरेसा नसतो. सहा कार्डें प्रत्येकीं १२० वॅटचीं लाविलीं, तर ७२० वॅट झाले. संगणकाच्या उरलेल्या अंगांना ८० वॅट धरले, तर ८०० झाले. घरच्या विजेचें रूपांतर करणारा पॉवर सप्लाय शंभरांतील नव्वदच भाग पुढें पोंचवीत असेल, तर भिंतींतून ओढले जातात ८९० वॅट. रात्रंदिवस तीस दिवस चालल्यास हे ६४० युनिट होतात. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर वापराबरोबर पायरीपायरीनें चढतो. तेव्हां हे सारे युनिट वरच्या, महाग पायरीवर जाऊन बसतात. शिवाय ह्या ८९० वॅटांची अखेर उष्णताच होते. थंड देशांत ती खोलीला ऊब देते. जळगांव-नागपुरच्या वैशाखांत ती बाहेर काढावयास पुन्हां वीज खर्चावी लागते. भारतांत १ एप्रिल २०२२ पासून कूटचलनाच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसला, आणि खाणकामाच्या साधनसामग्रीचा खर्च त्यांतून वजा मिळणार नाहीं, असें सरकारनें त्याच वर्षीं मार्चमध्यें लोकसभेंत स्पष्ट केलें. सारांश, कार्डाची निवड कितीहि चोख असली, तरी घराचा ताळेबंद तिच्या एकटीच्या हातीं नसतो.

येथवर पहिलें उत्तर झालें. कार्डापुरती काटकसर खरी आहे, मोजतां येण्यासारखी आहे, आणि तिच्यामागचें शास्त्र निर्दोष आहे. दुसरें उत्तर मात्र ह्या शर्यतीच्या नियमांत दडलेलें आहे.

इथेरियमच्या वहीला सुमारे तेरा सेकंदांस एक पान जोडलें जावें, असा नियम होता. स्पर्धक वाढले, कार्डें सुधारलीं, म्हणून पानें लवकर निघूं लागलीं कीं सूत्रांतील मर्यादा आपोआप अधिक कठीण होई, आणि गति पुन्हां तेरा सेकंदांवर येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर पानास दोन इथर हें बक्षीस ठरलेलें होतें. म्हणजे दिवसाला सुमारे तेरा हजार इथर निघावयाचे. शर्यतींत एक हजार कार्डें असोत कीं एक कोटि, निघणारीं नाणीं तेवढींच. पंगतींत पानें वाढलीं म्हणून परातींतील लाडू वाढत नाहींत.

ह्याचा परिणाम आंकड्यांनीं पाहावा. २०२१ च्या आरंभीं सर्व जगांतील कार्डें मिळून सेकंदाला सुमारे ३० कोटि मेगाहॅश निघत होते. त्या वेळीं ६० मेगाहॅशच्या कार्डास दिवसाला सरासरी २६ दशसहस्रांश इथर मिळे. मे २०२२ मध्यें जगाचा एकूण आंकडा १०० कोटि मेगाहॅशांच्या आसपास गेला. तेंच कार्ड, तीच वीज, तीच जुळवणी. परंतु मिळकत आठ दशसहस्रांशांवरहि पोंचेना. मालकानें कांहीं चूक केली नव्हती. शेजाऱ्यानेंहि तसेंच चांगलें कार्ड घेतलें, एवढेंच घडलें होतें.

आतां असें धरावें कीं, त्या १०० कोटि मेगाहॅशांपैकीं एकूण एक हॅश उत्तम जुळविलेल्या, दोन ज्यूलच्या कार्डावर निघत होता. तरीहि वीज लागते ती २०० कोटि वॅट, म्हणजे २,००० मेगावॅट, अखंड. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित शक्ति १,९६० मेगावॅट आहे. सबंध कोयना प्रकल्प क्षणभरहि न थांबतां पूर्ण शक्तीनें वर्षभर चालवावा, तरी ही टांकसाळ थोडी भुकेलीच राहिली असती. जगांत जुनीं कार्डेंहि चालू होतींच, तेव्हां खरा खर्च ह्याहून अधिक होता.

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स ह्यानें १८६५ सालीं असें दाखविलें होतें कीं, वाफेचीं एंजिनें काटकसरी झालीं म्हणून कोळशाचा खप घटला नाहीं, वाढला. कारण स्वस्त पडूं लागलेली शक्ति लोकांनीं अधिक कामांना लाविली. खाणकामांत ह्याहून पुढची पायरी आहे. एंजिनांनीं निदान अधिक कापड विणलें, अधिक माल वाहिला. येथें शक्ति दुप्पट झाली तरी पानें तेवढींच, नाणीं तेवढींच. दोन ज्यूलचें कार्ड आलें म्हणजे चार ज्यूलवाल्याचा नफा जातो आणि तो बाहेर पडतो. परंतु त्यानें सोडलेली वीज शिल्लक राहत नाहीं. नाण्याचा भाव जोंवर विजेच्या दरास पुरून उरतो, तोंवर तिच्यावर नवीं कार्डें लाविलीं जातात. खर्चाची सीमा कार्ड बनविणारा ठरवीत नाहीं. ती नाण्याचा बाजारभाव ठरवितो.

हा भार नेहमींच खाणकाम करणाराच्या अंगावर पडतो असेंहि नाहीं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत प्लॅट्सबर्ग नांवाचें लहानसें शहर आहे. सेंट लॉरेन्स नदीवरील जलविद्युत् तेथें अतिशय स्वस्त दरानें येते, परंतु तिचा वांटा १०४ मेगावॅटांपुरता ठरलेला आहे. स्वस्त विजेच्या ओढीनें बिटकॉइनचे कारखाने तेथें आले, २०१८ च्या जानेवारींतील कडक थंडींत वांटा ओलांडला गेला, आणि जादा वीज बाजारभावानें घ्यावी लागल्यानें ज्यांनीं कूटचलन कधीं पाहिलेंहि नव्हतें त्यांचीं घरगुती बिलें फुगलीं. मार्चमध्यें शहरानें नव्या खाणकामास अठरा महिने बंदी केली. कोसोव्हो देशांत विजेचा दुष्काळ पडून नागरिकांना आळीपाळीनें अंधारांत बसावें लागलें, तेव्हां जानेवारी २०२२ मध्यें तेथील सरकारनें सर्व खाणकामच बंद करून यंत्रें जप्त करण्यास आरंभ केला. अशा प्रसंगीं कार्ड दोन ज्यूलचें होतें कीं चार, हें कोणी विचारीत बसत नाहीं.

उपाय कार्डाच्या बाजूनेंहि करून पाहण्यांत आला. एनव्हिडियानें फेब्रुवारी २०२१ मध्यें आर.टी.एक्स. ३०६० हें कार्ड आणतांना त्याचा इथेरियममधील वेग निम्मा व्हावा अशी अटकाव-योजना त्यांत घातली. परंतु महिनाभरांतच कंपनीनें स्वतः प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीच्या ड्रायव्हरमधून तो अटकाव चुकून निघून गेला. खरा बदल झाला तो नियम बदलल्यामुळें. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियमनें हॅशांची शर्यतच बंद केली. पान जोडण्याचा मान किल्ल्या लावणारास देण्याऐवजीं, स्वतःचे निदान ३२ इथर अनामत ठेवणारांतून निवड होऊं लागली; खोटेपणा केल्यास अनामत बुडावयाची. त्या एका दिवसांत त्या वहीची वीज ९९.९ टक्क्यांहून अधिक घटली. सात वर्षांत कार्डांच्या सर्व सुधारणांना जें साधलें नव्हतें, तें सूत्राच्या एका फेरफारानें साधलें.

कार्डांचे मालक मात्र उघड्यावर आले. पुष्कळांनीं आपलीं कार्डें इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा लहान चलनांकडे वळविलीं. लाडू थोडे, आणि पंगत एकाएकीं कितीतरी पट मोठी. मिळकत दिवसाच्या आंत कोसळली. रेव्हनकॉइनच्या सूत्रांत हिशेबाचा भागहि जड असल्यानें ठोके उतरविण्याची जुनी युक्ति तेथें पूर्वीसारखी चालेना. उरलेलीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं, आणि ज्यांच्यासाठीं तीं मुळांत बनलीं होतीं त्या खेळणारांना अखेर स्वस्तांत मिळालीं.

आजहि कोणी नवें चलन व नवें कार्ड पुढें करून काटकसरीचें खाणकाम शिकवूं लागल्यास ऐकणाऱ्यानें दोन आंकडे वेगळे ठेवावे. एका हॅशला किती वीज लागते, हा कार्डाचा गुण. तो भिंतीच्या जोडणीवर मापक लावून पारखून घ्यावा. सबंध शर्यतीला किती वीज लागते, हा नियमाचा गुण. तो कोणत्याहि कार्डानें बदलत नाहीं. पहिल्या गुणानें मालक शर्यतींत इतरांपेक्षां कांहीं महिने अधिक टिकतो, आणि तेवढा त्याचा लाभ खरा आहे. देशाच्या विजेची बचत म्हणून मात्र त्याचा पुरस्कार करतां येत नाहीं. कारण एकानें वांचविलेला युनिट दुसऱ्याच्या कार्डांत त्याच रात्रीं जळत असतो.